जगण्याची कारणे कुठे दडून बसतात?

भातसानगरच्या धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना येते. त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट पाहावी लागते. तालुक्यात पाणी नाही असे नाही. ते पाड्यापर्यंत पोचत नाही. माणसाच्या मनाचेही कधीकधी असेच होते. जगण्यासारखे पुष्कळ काही असते, पण अडचणीच्या काळात नेमके तेच हाताला लागत नाही. असे का होते आणि शिक्षक म्हणून आपल्याला त्यात काय करता येईल, ते पाहू.

विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता : २२,७४६. यामागे एकच एक कारण क्वचितच असते. आजार, कर्ज, व्यसन, घरातली भांडणे, परीक्षेतले अपयश, असे अनेक धागे एकमेकांत गुंततात.

प्रश्न उलटा केला

माणसे जीव का देतात, हा प्रश्न संशोधक पूर्वीपासून विचारत आले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलटा केला : मरणाचा विचार मनात येऊनही माणसे जगतात, ती कशामुळे? लोकांनी दिलेल्या उत्तरांतून त्यांनी १९८३ साली ४८ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. या विधानांचे सहा गट पडले. 'यातून मी निभावून नेईन' हा विश्वास, घरच्यांविषयीची जबाबदारी आणि मुलाबाळांची काळजी हे त्यांतले तीन. मरणाची भीती, लोक काय म्हणतील ही चिंता आणि धर्माने किंवा नीतीने घातलेली मनाई हे उरलेले तीन.

ही यादी वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. माणसाला जगवणारी कारणे बहुधा थोर नसतात. ती घरगुती असतात.

मग ती आठवत का नाहीत?

खचलेल्या माणसाला आपण म्हणतो, "अरे, तुझ्यापाशी काय कमी आहे? जरा आठवून बघ." तो गप्प राहतो. हा त्याचा हट्ट नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स आणि त्यांचे सहकारी ब्रॉडबेंट यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकत्याच वाचलेल्या व्यक्तींना त्यांनी एकेक शब्द दिला आणि त्यावरून आयुष्यातला एखादा ठरावीक प्रसंग सांगायला सांगितले. इतरांच्या तुलनेत या व्यक्तींना नेमका प्रसंग सांगणे अवघड गेले. उत्तरे मोघम आली. 'गेल्या आवणीच्या दिवशी बांधावर बसून भाकरी खाल्ली' हा प्रसंग झाला. 'पूर्वी बरे होते' हे मोघम उत्तर झाले. मोघम आठवणीला धरून उद्याचा दिवस डोळ्यांपुढे आणता येत नाही.

दुसरी अडचण वागण्यातली. मन खचले की माणूस खेळायला जात नाही, मित्रांना टाळतो, अंथरुणात पडून राहतो. त्यामुळे आनंदाचे लहानसहान प्रसंगही बंद होतात आणि मन आणखी खचते. म्हणजे कारणे नुसती विसरली जातात असे नाही, नवी तयार होणेही थांबते. नुसता विचार करून हे चक्र सहसा तुटत नाही. ते तोडायला कृतीची बाजू सोपी पडते.

गोव्यातला प्रयोग

याची कसोटी आपल्या शेजारीच, गोव्यात लागली. तेथील 'संगथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी घेतली. सर्वांना तीव्र स्वरूपाचे नैराश्य होते. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटणारे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. भेटीत उपदेश नव्हता. आठवड्यात कोणती लहानशी गोष्ट करायची, कोणाला भेटायचे, समोरची अडचण कशी सोडवायची, हे दोघे मिळून ठरवत आणि पुढच्या भेटीत ते कसे झाले हे पाहत.

तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे बरीच उतरली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आत्महत्येचे विचार वा प्रयत्नही भेटींच्या गटात कमी आढळले. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता आणि त्यातला मोठा वाटा माणसे पुन्हा कामाधामाला, भेटीगाठींना लागली याचा होता. म्हणजे कारण सापडले म्हणून माणूस उठतो, एवढेच खरे नाही. उठून चार पावले चालल्यावरही कारण सापडते.

शाळेत काय करता येईल?

समजा, दहावीतला एक मुलगा महिनाभर कबड्डीला येत नाही, डबा तसाच परत नेतो, "माझं काही खरं नाही" असे म्हणतो. त्याला बाजूला घेऊन स्पष्ट विचारावे, "जगू नये असं वाटतं का रे तुला?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती अनेकांना वाटते. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दुष्परिणाम दिसला नाही. उलट, आधीच खचलेल्या मुलांचा ताण थोडा हलका झाला.

नंतर ऐकावे. "लोकांना याहून मोठी दुःखं आहेत" असे म्हणू नये. प्रश्न मोघम नको, नेमका हवा : "शेवटचा खेळलास तेव्हा कोण कोण होतं?" उद्याची एकच लहान गोष्ट त्याच्याबरोबर ठरवावी आणि उद्या आठवणीने विचारावे.

उत्तर 'हो' असेल तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. मुलाला एकटे सोडू नये. विश्वासातल्या मोठ्या माणसाला कळवून डॉक्टरांकडे न्यावे. आपण शिक्षक आहोत, उपचार करणारे नव्हे. 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. हा क्रमांक वर्गाच्या फळ्याशेजारी कायमचा लिहून ठेवावा. तो मुलांसाठी आहे, तसा आपल्यासाठीही आहे.

एवढ्याने शेतातले नुकसान भरून येत नाही आणि पाड्यावर टँकरही लवकर येत नाही. त्या गोष्टींसाठी वेगळे झगडावे लागते. पण त्यासाठी माणूस जिवंत हवा. म्हणून मुलाने सांगितलेले कारण आपल्याला क्षुल्लक वाटले तरी ते खोडू नये. 'शेळी व्यायची आहे, करडू बघायचंय' हे कारण उद्यापर्यंत पुरते. उद्या त्याला पुन्हा विचारता येते.