पदवीआधीचं वर्ष : अमेरिकेतील बाल-कुटुंब मानसशास्त्राची इंटर्नशिप

कोणासाठी? चिकित्सा मानसशास्त्रात पीएच.डी. किंवा साय.डी. करणाऱ्यांसाठी. ही इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय पदवी हाती पडत नाही.

किती काळ? पूर्णवेळ एक वर्ष किंवा अर्धवेळ दोन वर्षं.

जागा कशी मिळते? उमेदवार आणि संस्था आपापले पसंतीक्रम देतात आणि संगणक जोड्या लावतो. पहिल्या फेरीचा निकाल फेब्रुवारीत लागतो.

काम काय? बुद्ध्यांक आणि अध्ययन-अक्षमतेच्या चाचण्या, ऑटिझमचं निदान, मुलांवर व कुटुंबावर उपचार, शाळेशी समन्वय. ‘पालक-बालक आंतरक्रिया उपचारा’त आई मुलाशी खेळत असते आणि एकतर्फी काचेपलीकडे बसलेला उपचारक तिच्या कानातल्या यंत्रातून सूचना देतो : ‘त्यानं ठोकळे आवरले, लगेच कौतुक करा.’

देखरेख : अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेसाठी पूर्णवेळ प्रशिक्षणार्थीला आठवड्याला किमान चार तास ज्येष्ठांचं मार्गदर्शन मिळावं लागतं. त्यातले किमान दोन तास वैयक्तिक.

मुळं कुठे? लाइटनर विटमर यांनी 1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडलं. पहिला रुग्ण होता शुद्धलेखनात अडखळणारा एक शाळकरी मुलगा.

पालकांनो, हे विचारा : उपचारक प्रशिक्षणार्थी असेल, तर ते सांगणं आणि जबाबदार पर्यवेक्षकाचं नाव देणं तिथल्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. ते नाव निःसंकोच विचारून घ्या. तो तुमचा हक्कच आहे.