‘वन’ या शब्दाची व्याप्ती आणि उष्णकटिबंधातील वनांचे पुनःस्थापन

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने वनांविषयी लिहावे याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु वनशास्त्रात आज चाललेला एक महत्त्वाचा वाद मुळाशी जाऊन पाहिला असता एका शब्दाच्या व्याप्तीपाशी येऊन ठेपतो. आणि तेवढ्यापुरता तो आमच्या विषयाच्या कक्षेत येतो. उजाड झालेल्या उष्णकटिबंधीय प्रदेशात वन पुन्हा उभे करावयाचे, तर ते लाकडासाठी की जीवजातींच्या विविधतेसाठी, हा तो वाद होय.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वनाची व्याख्या केली आहे. क्षेत्र अर्ध्या हेक्टरहून अधिक असावे, वृक्ष ५ मीटरहून उंच असावेत किंवा तेवढे वाढू शकणारे असावेत, पर्णछत्राने जमिनीचा दहा टक्क्यांहून अधिक भाग झाकलेला असावा, आणि ती जमीन मुख्यत्वे शेतीच्या वा नागरी उपयोगाची नसावी. या व्याख्येत निलगिरीची एकजातीय लागवड बसते आणि शेकडो जातींचे सदाहरित अरण्यही बसते. भारतीय वन सर्वेक्षणाची ‘वनाच्छादन’ ही संज्ञा एका बाबतीत याहूनही सैल आहे. एक हेक्टर क्षेत्र व दहा टक्के छत्र एवढे असले म्हणजे जमीन कोणाची आणि झाडे कोणती हे तेथे पाहिले जात नाही. फळबागाही तीत गणल्या जातात. कोकणातला शेतकरी मात्र आमराईला ‘रान’ म्हणणार नाही, आणि देवराईला ‘बाग’ म्हणणार नाही. (जाता जाता नमूद करण्याजोगे असे की, ज्या ‘जांगल’ या संस्कृत शब्दापासून आपला ‘जंगल’ शब्द आला, त्याचा आयुर्वेदातील अर्थ कोरडा व विरळ झाडांचा प्रदेश असा आहे. या शब्दाचा अर्थ पूर्वीही एकदा उलटला आहे!)

या सैलपणाचे परिणाम केवळ कोशापुरते राहत नाहीत. २०११ साली बॉन येथे एक आंतरराष्ट्रीय आवाहन करण्यात आले. त्याचे उद्दिष्ट, पुढे वाढविल्यानंतर, २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर जमिनीवर वनांचे पुनःस्थापन करण्याचे ठरले. २०१९ साली काही संशोधकांनी निरनिराळ्या देशांची वचने तपासली, तेव्हा वचन दिलेल्या क्षेत्रापैकी ४५ टक्के क्षेत्र व्यापारी लागवडीसाठी योजिले असल्याचे दिसले. वारंवार तोडल्या जाणाऱ्या अशा लागवडीपेक्षा नैसर्गिक वन सुमारे चाळीस पट कार्बन साठवून ठेवते, असेही त्यांनी दाखवून दिले. पुढे २०२२ साली ५३ देशांतील २६४ अभ्यासांचे एकत्रित परिशीलन प्रसिद्ध झाले. जीवविविधता, जमिनीची धूप, पाण्याचा पुरवठा व कार्बनचा साठा या सर्व बाबतींत देशी वन सरस ठरले. लाकडाच्या उत्पादनात मात्र लागवडच पुढे होती. तात्पर्य, दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली एकाच स्तंभात मोजल्या जात आहेत.

हे जे द्वैत आहे त्याचा उलगडा ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरील वनात विशेष स्पष्टपणे होतो. हे वन अनेक शतकांच्या तोडीमुळे आता तुटक तुकड्यांच्या रूपात उरले आहे. त्या देशाचे नावच मुळी एका लाकडाचे आहे, आणि त्या नावाचा आपल्याशीही दूरचा संबंध पोहोचतो. कापडास तांबडा रंग देणाऱ्या ज्या आशियाई लाकडास आपण पतंग म्हणतो, त्यास युरोपात ‘ब्राझील’ म्हणत असत. इ. स. १५०० नंतर पोर्तुगीजांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर तशाच रंगाचे झाड सापडले. तेव्हा नाव त्या झाडास मिळाले व झाडावरून भूमीस मिळाले.

ब्राझीलच्या २०१२ च्या वनकायद्यानुसार या प्रदेशातील ग्रामीण जमिनीचा २० टक्के भाग राखीव वनस्पतीखाली असावा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही अशा मोठ्या जमीनधारकांनी तो वीस वर्षांच्या आत, दर दोन वर्षांस किमान एक दशांश याप्रमाणे, पूर्ववत करावयाचा आहे. तसे करताना पुनःस्थापित क्षेत्राच्या निम्म्यापर्यंत परदेशी जातींची झाडे देशी झाडांत मिसळून लावण्याची मुभा आहे. मुभेचे कारण उघड आहे. देशी रोपे लावणे, परदेशी चाऱ्याच्या गवतापासून ती वाचविणे आणि तीस-चाळीस वर्षे वाट पाहणे, हा खर्च कोणी सोसावयाचा? उलट निलगिरी सहासात वर्षांत कागदाच्या लगद्यासाठी तयार होते, आणि तिच्या लागवडीचे तंत्र ब्राझीलमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या सरपणाच्या निमित्ताने रुजलेले आहे.

या मुभेची शास्त्रीय परीक्षा बाईया व एस्पिरितु सांतु या राज्यांत झाली. निम्मी निलगिरी व निम्मी निरनिराळ्या जातींची देशी झाडे अशी मिश्र लागवड तेथे करण्यात आली. निलगिरीची रोपे निम्मीच असूनही, तिच्या बुंध्यांच्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ एकजातीय लागवडीच्या सुमारे पाऊणपट भरले. देशी झाडांची वाढ मंदावली, हे खरे. परंतु निलगिरी तोडून नेल्यावर आपोआप उगवलेल्या देशी रोपांची संख्या व जातींची विविधता शुद्ध देशी लागवडीच्या तुलनेने विशेष उणी आढळली नाही. आणि लाकडाच्या विक्रीतून पुनःस्थापनाच्या प्रारंभिक खर्चाचा ४४ ते ७५ टक्के भाग भरून निघाला. हे निष्कर्ष २०१८ व २०२० साली प्रसिद्ध झाले आहेत.

या प्रयोगाचे मोल मी मानतो, तथापि त्यावरून ‘निलगिरी वनास पोषक आहे’ असे सरसकट विधान करणे धाडसाचे होईल. समतोल साधला तो कालक्रमामुळे: आधी लाकूड, मग वन. हा क्रम निलगिरी स्वतःहून पाळीत नाही. उसाच्या खोडव्याप्रमाणे तिच्या तोडलेल्या बुंध्यास पुन्हा फुटवे येतात, आणि दुसरे पीक पहिल्याहून स्वस्तात मिळते. मालकास लगद्याचा भाव चांगला मिळत असेल तर तो बुंधा मारील कशास? वीस वर्षांच्या मुदतीत निलगिरीची तीन पिके सहज निघतात. यास्तव बुंधा केव्हा नष्ट करावयाचा हे करारात वर्षासह लिहिलेले नसेल, तर ‘पुनःस्थापन’ हा शब्द लागवडीचेच दुसरे नाव ठरेल. कारखान्यापासून दूर अथवा तीव्र उतारावर असलेल्या जमिनीत तर पहिल्या पिकाचाही हिशेब जुळणे कठीण.

राहता राहिला लाकूड व विविधता यांच्यातील विरोध. तो वाटतो तितका सरळ नाही. अटलांटिक वनातील कठीण व जड लाकडाचे अनेक वृक्ष मोठ्या बियांचे आहेत, आणि त्या बिया टूकान पक्षी, वानरे वा अगूटी नावाचा सशाएवढा कृंतक प्राणी यांच्यावाचून दूर जात नाहीत. हे प्राणी नाहीसे झाले तर लहान बियांचे, हलक्या लाकडाचे वृक्ष त्यांची जागा घेतात व वनातील कार्बनचा साठा घटतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. जटोबा हा त्या वनातील मोलाचा इमारती वृक्ष. त्याची शेंग लाकडासारखी कठीण असते. ती जमिनीवर पडल्यावर अगूटी कुरतडून फोडते, काही बिया खाते व काही दूर नेऊन पुरून ठेवते. रोपवाटिकेतून आणलेला जटोबा मिश्र लागवडीतही वाढेल. त्याच्या पुढच्या पिढीस मात्र आसपास कोठेतरी जुन्या वनाचा तुकडा आणि त्यात अगूटी असावी लागते.