रब्बीविना जपलेला धर्म

नागपूर, प्रतिनिधी

ज्यू धर्मात 'रब्बी' या शब्दाचा मूळ अर्थ गुरू वा आचार्य असा आहे. रब्बी म्हणजे देवळातला पुजारी नव्हे. तोरा आणि तल्मूद या ग्रंथांचे अध्ययन करून धर्मनियमांचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याला प्राप्त झाला, तो रब्बी. विवाह, घटस्फोट, आहार, सुतक अशा विषयांवरील शंका त्याच्याकडे जातात आणि त्याचा निर्णय प्रमाण मानला जातो. महाराष्ट्रातील मराठी भाषक ज्यू, म्हणजेच बेने इस्रायल समाजात मात्र रब्बींची परंपरा कधीच निर्माण झाली नाही. तरीही या समाजाने आपला धर्म टिकवला. तो कसा टिकला, रब्बीच्या अभावाची कोणती किंमत या समाजाला मोजावी लागली आणि आजच्या यंत्रयुगात त्याच्यापुढे कोणते प्रश्न आहेत, हे समजून घेण्याजोगे आहे.

कोकणातील शनवार तेली

समाजाच्या पारंपरिक कथेनुसार, अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया बचावल्या. त्यांचे वंशज कोकणातील खेड्यापाड्यांत पसरले. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय बनला. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते, पण 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना, शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता आणि आहाराचे काही नियम त्यांनी सोडले नाहीत. सणांना मराठी नावे मिळाली. उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस 'दारफळणीचा सण' झाला, तर नववर्ष 'नव्याचा सण'. नवसफेडीला पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा करून प्रेषित एलियाहूचे स्मरण करण्याची प्रथा आजही पाळली जाते.

पुढे दाविद रहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने या लोकांना ओळखले आणि त्यांच्यातील तिघांना धर्मशिक्षण दिले, असे परंपरा सांगते. या शिक्षितांना 'काझी' म्हटले जाई. मुंबईत 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. मशीद बंदर परिसरातील हे 'शआर हारहमीम' आजही उभे आहे. तेथे प्रार्थना चालवणारा असे तो हझ्झान. त्याला प्रार्थना आणि विधी येत, धर्मनिर्णय देण्याचा अधिकार मात्र नसे.

छापखाना आणि कीर्तन

रब्बीची उणीव काही अंशी भरून काढली ती त्या काळच्या नव्या तंत्राने, म्हणजे छापखान्याने. वल्हांडणाच्या रात्री वाचला जाणारा 'हग्गादा' हा ग्रंथ मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत शिळाछापावर आणि 1874 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. हिब्रू न जाणणाऱ्या कुटुंबांना विधीचा अर्थ प्रथमच घरबसल्या कळू लागला. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजातील कीर्तनकार मोझेस, योसेफ यांची आख्याने थेट मराठी कीर्तनाच्या पद्धतीने लावू लागले. गुरू नव्हता, पण ग्रंथ, शाळा आणि कीर्तन होते.

जेरुसलेममधील धरणे

इस्रायलची स्थापना 1948 मध्ये झाली आणि बेने इस्रायलांपैकी अनेकांनी तिकडची वाट धरली. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह रब्बींच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे जी उणीव कोकणात कुणाला जाणवली नव्हती, ती तेथे कायद्याचा प्रश्न बनली. धर्मनियमानुसार रीतसर घटस्फोटपत्र, म्हणजे 'गेट', न घेता स्त्रीने पुनर्विवाह केला, तर त्या विवाहाच्या संततीवर इतर ज्यूंशी विवाह करण्यास पिढ्यान् पिढ्या बंदी येते. ज्या समाजात रब्बीच नव्हते, तेथे अशी पत्रे कोण देणार, अशी शंका काही रब्बींनी काढली. मुख्य रब्बी परिषदेने 1961 मध्ये या समाजाशी विवाहास मान्यता दिली. मात्र 1962 मध्ये निघालेल्या निर्देशांत वधू-वरांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगण्यात आले. ही चौकशी केवळ बेने इस्रायलांपुरती होती आणि तेच समाजाला झोंबले.

आंदोलन पेटले. 1964 च्या उन्हाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. अखेर 17 ऑगस्ट 1964 रोजी पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने संसदेचे विशेष अधिवेशन घेतले. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा निर्वाळा संसदेने दिला आणि रब्बी परिषदेला निर्देशांतील समाजाचा उल्लेख वगळावा लागला. धर्मसत्तेच्या निर्णयाविरुद्ध लोकशाही मार्गाने मिळवलेला हा विजय होता.

'आधी भारतीय'

भारतात राहिलेल्यांचा अनुभव वेगळा आहे. दिल्लीतील हुमायून मार्गावर 1956 मध्ये उभारलेल्या ज्यूडा हायम सिनेगॉगची धुरा मूळचे पुण्याचे वकील इझिकेल आयझॅक मालेकर यांनी अनेक दशके वाहिली. लोक त्यांना रब्बी म्हणून ओळखतात, पण ही सेवा त्यांनी विनामोबदला केली. आपण आधी भारतीय आणि मग ज्यू, ही भूमिका त्यांनी वेळोवेळी मांडली. सर्वधर्म प्रार्थनांत ज्यू धर्माचे प्रतिनिधित्वही त्यांनी केले.

त्यांच्या विचारांतील सर्वांत लक्षणीय भाग प्रार्थनेच्या गणपूर्तीविषयी आहे. सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष हवेत, असा सनातनी दंडक आहे. या गणपूर्तीला 'मिन्यान' म्हणतात. मूठभर कुटुंबांच्या दिल्लीत दर शुक्रवारी दहा पुरुष कोठून आणायचे? मालेकर यांनी स्त्री-पुरुष असा भेद न करता उपस्थितांची गणना केली. दंडकापेक्षा प्रार्थना चालू राहणे त्यांना महत्त्वाचे वाटले. सनातनी रब्बींना हे मान्य होणे कठीण.

शब्बाथ आणि वीज

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, अग्नी पेटवू नये असा नियम आहे. मग विजेचे बटण दाबणे म्हणजे अग्नी पेटवणे काय? विसाव्या शतकातील रब्बींनी यावर विपुल लिहिले. सनातनी मताने बटण दाबणे वर्ज्यच ठरले. त्यातून ठरलेल्या वेळी आपोआप लागणारे दिवे आणि प्रत्येक मजल्यावर आपणहून थांबणारी लिफ्ट निघाली. दुसरीकडे, रब्बींचे हजारो निर्णय संगणकावर आणण्याचे काम इस्रायलमध्ये 1960 च्या दशकातच सुरू झाले.

2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत वल्हांडण आले, तेव्हा हा वाद घराघरांत पोहोचला. एकाकी वृद्धांना 'झूम'वरून कुटुंबाच्या विधीत सामील होऊ द्यावे, असे इस्रायलमधील काही रब्बींनी सुचवले. मुख्य रब्बी परिषदेने ते नाकारले. पडद्यावर दिसणारा माणूस उपस्थित मानावा काय, हा प्रश्न जिथे दहा माणसे जमवणेच अवघड, अशा लहान समाजांसाठी अधिक निकडीचा आहे.

उरलेल्यांचे काय?

2011 च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. राज्य सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे विवाह नोंदणी आणि शिक्षणसंस्थांच्या बाबतीत सोय झाली. घटत्या संख्येवर मात्र तो उपाय नव्हे.

गेलेल्यांनी आपल्यासोबत मराठी नेली. दिमोना, लोद, अश्दोद या गावांत ती वसली आणि नोहा मस्सिल यांच्या संपादनाखाली 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. फाळणीनंतर सिंधमधून येऊन जरीपटक्यात स्थिरावलेल्या कुटुंबांना या अनुभवाची खूण सहज पटेल. मुलूख सुटला तरी बोली, सण आणि स्वयंपाक सोबत येतात. नातवंडांची भाषा मात्र शाळा आणि बाजार ठरवतात. बेने इस्रायलांनी धर्म शतकानुशतके रब्बीविना राखला, कारण तो घराघरांत पाळला जात होता. इस्रायलमध्ये मराठीचे काय होणार, हेही तेथील घराघरांतच ठरणार आहे.