सामान ठेवावे तरी कुठे?

मुंबईच्या लोकलची सवय असलेली गृहिणी नोएडाच्या मेट्रोत शिरली, की तिचा हात आपोआप डोक्यावरच्या रॅककडे जातो. पण तिथे रॅक नसतेच! २००९ साली नोएडात आलेल्या ब्लू लाइनच्या डब्यात बाके खिडक्यांना पाठ लावून असतात. मधली जागा उभ्या प्रवाशांची. माणसे जास्त मावतात खरी, पण माहेरी निघालेलीची बॅग मात्र तिच्या पायांत आणि इतरांच्या वाटेत. त्यातून कडेवर मूल असेल तर विचारूच नका! नियमाने माणशी २५ किलोपर्यंत सामान चालते, मात्र त्यासाठी वेगळी जागा विमानतळाकडे जाणाऱ्या एअरपोर्ट एक्सप्रेसमध्ये. नोएडाहून नवी दिल्ली स्थानक गाठणाऱ्यांना राजीव चौकात तीच बॅग ओढत गाडीही बदलावी लागते.