पान किती वेळ ओले राहील?

सोमवारी पहाटे स्वेटर घालून बागेत गेलेला तासगावचा द्राक्षबागायतदार गुरुवारी पहाटे घामाघूम होऊन परततो. आभाळ भरून आलेले असते, वारा पडलेला असतो आणि सावळजपासून मणेराजुरीपर्यंत ट्रॅक्टरवरचे ब्लोअर रात्रभर घरघरत असतात. पर्जन्यमापकात अजून एक मिलिमीटरही जमलेला नसतो. तरी नुकसानीला सुरुवात झालेली असते.

शरद सरताना आणि हेमंत लागताना, कार्तिक-मार्गशीर्षाच्या सांध्यावर, सातारा-सांगलीत असा एखादा आठवडा हमखास येतो. त्या आठवड्यात ‘पाऊस किती पडणार?’ हा आपला नेहमीचा प्रश्न अपुरा पडतो.

दोन वाऱ्यांची ओढाताण

मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातून परततो. मग उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू होतो. आकाश निरभ्र राहते आणि पहाटेचा पारा उतरत जातो. पण याच काळात, ऑक्टोबर ते डिसेंबर, तमिळनाडू आणि दक्षिण आंध्रात ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम असतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की त्याभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे त्याच्या उत्तर बाजूला वारा पूर्वेकडून वाहतो आणि समुद्रावरची वाफ आंध्र-कर्नाटक ओलांडून आपल्यापर्यंत आणतो. चेन्नई सांगलीपासून सरळ रेषेत सातशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तरी तिथले वादळ इथल्या थंडीची वाट अडवते.

2024 च्या नोव्हेंबरअखेर हेच झाले. आधी चांगला गारठा होता. 30 नोव्हेंबरच्या रात्री ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष कर्नाटकावरून अरबी समुद्राकडे सरकले आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दक्षिण महाराष्ट्रात थंडी पळाली, ढग आणि सरी आल्या. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आंध्र किनाऱ्यावरून आत शिरलेली प्रणाली थेट आपल्या भागावरून गेली आणि सोलापूर, सांगली, साताऱ्यात धुवाधार पाऊस झाला. संकट अरबी समुद्रातूनही येते. 2019 च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ या वादळांच्या काळातला लांबलेला पाऊस द्राक्षपट्टा विसरलेला नाही.

ढगांची गोधडी

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशात सोडते. आकाश मोकळे असेल तर ती निघून जाते आणि पहाट गार होते. ढग आले की ते गोधडीसारखे काम करतात, जमिनीची ऊब खालीच कोंडून ठेवतात. म्हणून ढगाळ आठवड्यात कमाल तापमान उतरते आणि किमान तापमान चढते. दिवस-रात्रीतला फरक कमी होणे ही हवामान बदलल्याची खरी खूण आहे.

द्राक्षाला नेमके हेच सोसत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या बागा नोव्हेंबरात पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या नाजूक अवस्थांत असतात. पोंग्यात ढगाळ हवा राहिली तर घड जिरतात. फुलोऱ्यात ओल टिकली तर गळ आणि कूज होते. डाऊनीची बुरशी पानावर पाणी टिकले की आत शिरते, आणि ते पाणी पावसाचेच असावे असे काही नाही. रात्रभरचे दव आणि सकाळी दहापर्यंत न फिरकलेले ऊन तिला पुरते. आगाप छाटलेल्या बागेत मण्यात पाणी भरले असेल, तर पावसाने मणी तडकतात. पाच मिलिमीटर पाऊस होऊन लगेच वारा सुटला तर बाग निभावते. पाऊस शून्य, पण तीन दिवस कोंदट मळभ असेल, तर फवारणीचा खर्च कंबर मोडतो.

एकच ढग, वेगळा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलते आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेची मारामार असते. त्यामुळे एकच ढग तालुक्यागणिक वेगळा अर्थ घेऊन येतो. माण, खटाव, जतच्या कोरडवाहू शाळूला नोव्हेंबरातली हलकी सर जीवदान देते. आटपाडीच्या डाळिंबाला तोच ओलावा तेल्याची भीती दाखवतो. कृष्णाकाठी ऊसतोड थांबते, वाफसा येईपर्यंत गाड्या फडात जात नाहीत आणि तोडकऱ्यांच्या कोप्यांत चिखल होतो. मेंढपाळांचे हाल तर सर्वांत मोठे. 2021 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला थंडी आणि पाऊस एकत्र आले, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावर बसवलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. ओल्या लोकरीला वारा लागला की जनावराची ऊब झपाट्याने जाते.

पाऊस सरला की पुढचे दोन दिवस धुक्याचे असतात. जमीन ओली, आकाश मोकळे आणि वारा मंद असला की कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णेचे खोरे पहाटे पांढरे होते. महामार्गावर तेव्हा वेग कमी ठेवावा. मग उत्तरेचा वारा परततो आणि थंडी दुप्पट जाणवते. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात गार हवा उतारावरून येऊन साठते. हवेचे तापमान माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजतात. ते शून्याच्या बरेच वर असतानाही स्ट्रॉबेरीच्या पानावरचे दव गोठू शकते, कारण निरभ्र रात्री पान भोवतालच्या हवेपेक्षा अधिक गार होते.

अंदाजातले शब्द

हवामान खात्याचा अंदाज शब्द मोजून लिहिलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या फार तर पाव भाग केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. तुरळक पावसाचा अंदाज आणि आपल्या शिवारात टिपूसही नाही, यात अंदाज चुकलेला नसतो. शिवाय ‘मध्य महाराष्ट्र’ हा विभाग नाशिकपासून कोल्हापुरापर्यंत पसरलेला आहे, म्हणून जिल्हावार अंदाजच पाहावा. पिवळा इशारा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारीला आणि लाल कृतीला.

पण पावसाच्या रकान्यावर थांबू नये. किमान तापमान चढते आहे का, सकाळची आर्द्रता किती, ढग किती, वारा कोणत्या दिशेचा, हे चार आकडे एकत्र वाचावेत. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात आणि ‘मेघदूत’ ॲपवर ते मिळतात. वारा पूर्वेचा झाला आणि पहाटेचा पारा दोन दिवसांत चार-पाच अंशांनी चढला, की पाऊस येवो न येवो, बागेतली ओल वाढणार हे धरून चालावे.

प्रत्येक बागायतदाराने एक वही करावी. पहाटेचे तापमान आणि दव किती वाजता सुकले, एवढ्या दोनच नोंदी रोज कराव्यात. दोन हंगामांत त्या वहीतून आपल्या शिवाराचा स्वभाव कळू लागेल. खात्याचा अंदाज जिल्ह्याचा असतो, पानावरच्या ओलीचा हिशेब मात्र ज्याचा त्यालाच ठेवावा लागतो.