चिठ्ठी तहसिलात, समिती जिनिव्हात

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असली की चिखली-मेहकरच्या तहसिलीत पाय ठेवायला जागा नसते. शाळकरी पोर बरणीत हात घालून चिठ्ठी काढतं, साहेब गावाचं नाव वाचतात आणि मागून आवाज येतो, ‘सीट लेडीज निघाली!’ कालपर्यंत जेवणावळी घालणारा गडी बाहेर येऊन बायकोला फोन लावतो, ‘तुझं आधार कार्ड कुठं ठेवलंय?’

महिला आरक्षणाची ही सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या दबावामुळे आली, असं परिसंवादांत अधूनमधून ऐकू येतं. तारखा वेगळंच सांगतात. महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत महिलांसाठी 30 टक्के जागा 1990 मध्येच राखल्या. एक तृतीयांश जागा देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या ‘सीडॉ’ करारावर भारताची सही 1980 ची, पण त्याला रीतसर मान्यता दिली 9 जुलै 1993 ला. म्हणजे आधी मुंबई, मग दिल्ली, करार सर्वांत शेवटी. पुढे 2011 मध्ये राज्यानं आरक्षण निम्म्यावर नेलं, तेही स्वतःहून.

करारात तात्पुरत्या विशेष उपायांची मुभा आहे, ठरावीक टक्का नाही. देशानं अहवाल द्यायचा, जिनिव्हातल्या समितीनं शिफारशी करायच्या. व्यक्तीला थेट तक्रारीची वाट देणारा जोडकरार भारतानं स्वीकारलेलाच नाही. त्यामुळे लोणारची डावललेली उमेदवार जिनिव्हात दाद मागू शकत नाही. युरोपात निदान स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय आहे, पण तेही बेतानंच हात घालतं. स्लोव्हेनियात 2018 ला महिला-पुरुष दोघांचेही किमान 35 टक्के उमेदवार असण्याची अट न पाळणाऱ्या याद्या बाद झाल्या. उमेदवार स्ट्रासबर्गला गेले. 2019 मध्ये त्यांची तक्रार दाखल करून घेण्याजोगीही ठरली नाही. काम देशाच्या कायद्यानंच केलं होतं. आणि सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसला, तर त्याला उठवायला स्ट्रासबर्ग काय, दिल्लीही येत नाही. ग्रामसभेलाच तोंड उघडावं लागतं.

लोकसभा-विधानसभेचं महिला आरक्षण 2023 च्या घटनादुरुस्तीनं जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलं. ते होईपर्यंत भिस्त पक्षांच्या तिकिटावरच. दर 12 जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, पुढारी बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात जिजाऊंपुढे माथा टेकतात, पण बुलढाणा मतदारसंघानं आजवर एकही महिला लोकसभेत पाठवलेली नाही. जिल्ह्यातलं मलकापूर तेवढं रावेरात मोडतं, म्हणून तिथल्या मतदारांना 2014 पासून रक्षा खडसे लाभल्या. चिखलीत मात्र जागा खुली असूनही रेखा खेडेकर तीनदा आणि श्वेता महाले दोनदा विधानसभेवर गेल्या. तिकिटं वाटणाऱ्यांना हे ठाऊक नाही, असं नाही.