कचऱ्याचा पुरावा कोणी कोणाला द्यायचा?

मी काम करते त्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात तीन घरांना नाल्याकाठी कचरा टाकल्याबद्दल दंडाची पावती मिळाली. त्यातल्या एका घरच्या आजी पावती घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, आम्ही टाकला नाही, हे दाखवायचं कसं?" घंटागाडी वस्तीच्या तोंडाशी येते, तीही साडेनऊच्या सुमारास. तोवर आजींची सून धुणीभांड्याच्या कामाला आणि मुलगा नाक्यावर गेलेला असतो. गुडघे धरलेल्या आजींनी बादली घेऊन अख्खी गल्ली उतरायची, आणि गाडीत कचरा टाकल्याची नोंद तर कुठेच होत नाही.

कचरा नेमका कुठे जातो याचा पुरावा घरांकडूनच मागायचा, हा विचार नवा नाही. आयर्लंडमध्ये तसे नियम आहेत. तिथल्या स्थानिक प्रशासनांच्या उपविधींनुसार घराने परवाना असलेल्या कचरा कंपनीची सेवा घेतलेली असावी लागते. घेतली नसेल, तर अधिकृत केंद्रावर कचरा स्वतः नेऊन दिल्याच्या पावत्या जपून ठेवायच्या आणि अधिकाऱ्याने मागितल्या की दाखवायच्या. नाही दाखवल्या तर 75 युरोचा दंड, आणि तो भरला नाही तर प्रकरण न्यायालयात.

तिथे हे का करावं लागलं, ते आपल्या कामाचं आहे. आयर्लंडमध्ये घरोघरचा कचरा उचलण्याचं काम हळूहळू खासगी कंपन्यांकडे गेलं. डब्लिन महापालिकेने 2012 च्या सुरुवातीला आपली उचल एका खासगी कंपनीकडे दिली. सेवा विकत घ्यायची म्हटल्यावर काही घरं त्यातून बाहेर राहणारच. काहींना परवडत नाही, काहींना द्यायचे नसतात. मग पिशव्या रानात, रस्त्याकडेला पडू लागतात आणि त्या कोणाच्या हे शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच पुरावा विचारणं प्रशासनाला सोपं जातं. पैसे वाचवण्यासाठी फेकणाऱ्याला असा नियम चाप लावतो, हे मान्य करायला हवं. पण मुळात ज्याला परवडत नाही, त्याच्याही दारात तोच अधिकारी उभा राहतो.

आता आपल्याकडे पाहू. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घराघरात ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत हे चार भाग झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी लागणारा. पुराव्याची खरी भाषा मात्र मोठ्या सोसायट्या आणि संस्थांसाठी आहे. दिवसाला 100 किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओल्या कचऱ्याची सोय आपल्याच आवारात करायची आणि ती जमत नसेल तर तसं प्रमाणपत्र घ्यायचं. मुंबई महापालिकेनेही 2017 मध्ये मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा उचलणं थांबवण्याची मुदत दिली होती, तेव्हा किती आरडाओरड झाली ते आठवत असेल.

वरच्या थरातला पुरावा कसा असतो, याचं पुण्याचं उदाहरण घ्या. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात 5 टक्के सवलत आणि एकाहून जास्त असतील तर 10 टक्के. योजना चांगलीच आहे. पण मी पाहिलेल्या एका सोसायटीत खताच्या खड्ड्यावर कुंड्या मांडलेल्या होत्या आणि सवलत चालू होती. तिथे कोणी दंडाची पावती फाडली नाही.

काही शहरांत आता दारावर क्यूआर कोड चिकटवतात आणि कचरा घेणारी व्यक्ती तो स्कॅन करते. यंत्रात काय नोंदलं जातं ते नीट समजून घ्या. अमुक वेळी कामगार अमुक दारात उभा होता, एवढंच. बादलीत डायपर आणि फुटलेली बाटली एकत्र होती की नाही, हे त्यात येत नाही. म्हणजे नाव घराच्या पुराव्याचं आणि पाळत कामगारावर. ते कामगार कोणत्या जातींतून येतात, हे या वाचकांना सांगायला नको.

बादलीत काय होतं ते उघड्या हातांनी निवडणाऱ्या बाईला माहीत असतं. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती याच बायांची. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि कचराकुंडीत हात घालणाऱ्या बाया दारात येऊन कचरा घेऊ लागल्या. कुठलं घर वेगळा करतं आणि कुठलं सगळं एकत्र कोंबतं, हे त्या रोज पाहतात. घरांनी पुरावा द्यायचाच असेल, तर त्यांचा शब्द नोंदीत धरला पाहिजे, आणि एखाद्या घराची तक्रार केली म्हणून काम जाणार नाही याची हमीही हवी.

माझा मुद्दा घरांनी जबाबदारी घेऊ नये असा नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायला पैसा लागत नाही, आणि आपल्याच घरात हे होत नसेल तर सफाई कामगारांच्या हक्कांवर भाषण करण्यात अर्थ नाही. पण पुराव्याचा क्रम उलटा लावला जातोय. 2016 च्या नियमांतच स्थानिक संस्थेने झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्यांसह सर्व घरांतून दारोदार कचरा गोळा करावा, असं स्पष्ट म्हटलं होतं. कामगारांना हातमोजे, मास्क, रेनकोट, योग्य पादत्राणं मिळतील हे पाहणंही त्यांच्याच जबाबदारीत होतं. घराला पावती विचारण्याआधी गाडी त्या घरापर्यंत येते, हे पालिकेने दाखवायला हवं.

आजींच्या प्रकरणात आम्ही हेच केलं. वस्तीतल्या चार मुलांनी महिनाभर गाडीची वेळ आणि थांबण्याची जागा वहीत लिहिली. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाकला. गाडीच्या ठरलेल्या मार्गात आमच्या कोणत्या गल्ल्या आहेत, वर्षभरात या वस्तीतून किती दंड वसूल झाला आणि या प्रभागातल्या कामगारांना हातमोजे शेवटचे कधी वाटले, एवढे तीनच प्रश्न. उत्तरात आमच्या गल्लीचं नाव मार्गाच्या यादीत निघालं. वहीत मात्र गाडी एकही दिवस तिथवर आलेली नव्हती. ती वही आणि ते उत्तर जोडून दंडाविरुद्धचा अर्ज आजींच्या अंगठ्यानिशी दिला आहे. हातमोज्यांच्या प्रश्नापुढची जागा उत्तरात कोरी होती, म्हणून त्यावर पहिलं अपील केलंय.